सव्वा वाटी

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा असते. प्रसादाचा शिरा आई करते. यंदा माझी सहा वर्षांची लेक न्हाऊन, परकर-पोलकं घालून, स्टुलावर चढून आजीच्या शेजारी उभी राहिली.

"आजी, मी काय करू?"

"तू रवा मोजून दे. सव्वा वाटी."

तिने वाटी डब्यात बुडवली, भरून वर काढली, बोटाने वरचा ढीग सारखा केला आणि ताटात ओतली.

"एक झाली. आता?"

"आता वर पाव."

"पाव?" तिचा हात डब्यातच थांबला. "शिऱ्यात पाव घालतात?"

आई हसली नाही. अशा प्रश्नाला मोठी माणसं हसली की मूल पुढचा प्रश्न गिळून टाकतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिने देवघरातली नैवेद्याची चिमुकली वाटी आणून लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही चारदा भरून मोठ्या वाटीत ओत बरं." लेकीने ओतलं. चार झाल्या, तरी मोठी वाटी काठापर्यंत आली नाही. दोघी वाकून बघत राहिल्या. मग आईच्या लक्षात आलं की पोरगी प्रत्येक वेळी मोठी वाटी ओट्यावर ठोकत होती. रवा खाली बसत होता. "ठोकू नकोस गं, नुसतं ओत." पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी चौथ्या खेपेला रवा बरोबर काठाला आला.

"म्हणजे छोटी वाटी म्हणजे पाव!"

"या वाटीचा पाव."

"मग या ताटाचा पाव?"

"तो मोठा असेल. ताट मोठं आहे ना."

लेकीने ताटाकडे पाहिलं, मग वाटीकडे. काही बोलली नाही. त्यानंतर सव्वा वाटी साखर आणि सव्वा वाटी तूप तिने एकटीने मोजलं, ओठ घट्ट मिटून. तूप मोजताना तर श्वाससुद्धा रोखला होता. प्रसादाला सगळं सव्वा लागतं, मोठी पूजा असली की सव्वा किलो, पूर्वी सव्वा शेर. माझं निम्मं आयुष्य मी हा शब्द ऐकत आले, पण तो कुणाच्या तरी हातात पहिल्यांदा उतरताना मी त्या दिवशी पाहिला.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मराठी घरातलं मूल अक्षरओळख व्हायच्या कितीतरी आधी हे शब्द ऐकतं. पाव किलो भेंडी, पावणेआठची बस, दीड पोळी झाली आता उरलेली अर्धी संपव. भाकरीच्या तुकड्यालासुद्धा आपल्याकडे मापाचं नाव आहे: अर्धी, मग चतकोर, आणि त्याहून लहान ती नितकोर. शाळेत अपूर्णांक येतात ते बरेच पुढे, अर्धी रंगवलेली वर्तुळं आणि एकावर एक मांडलेले दोन आकडे होऊन. माझ्या लेकीची शाळा इंग्रजी माध्यमाची, तिच्या पुढ्यात ते 'थ्री फोर्थ' म्हणून येतील. त्यात वाईट काही नाही. पण 'पाऊण' म्हणजे मुळात पाद-ऊन, पावाने कमी. एक भरलेली वाटी डोळ्यांसमोर आणायची आणि तिच्यातला पाव काढून घ्यायचा. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासकट. पाद म्हणजे पाय, चारातला एक. शब्दातच कृती सांगितली आहे, आणि ती कृती करून बघायला घरात वाटी आहे, रवा आहे, आजी आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडून गळून पडले तर त्यांच्याबरोबर विचार करायची एक सोपी वाटही जाईल, याची मला खरीखुरी काळजी वाटते.

आईच्या वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन. गिऱ्हाईक समोर उभं असताना 'सात पाऊण सव्वापाच' असं म्हणत ते पुडी बांधायचे. आईला त्यातले थोडे आठवतात, मला एकही येत नाही. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, आणि आणे-शेर-छटाकांच्या हिशेबासाठी घोकलेले हे पाढे हळूहळू शाळांतून गेले. पुढे 25 पैशांचं नाणंही 30 जून 2011 नंतर चलनातून गेलं. आज लहान मुलाला 'पाव' हातात धरायला मिळेल अशा जागा दोनच उरल्यात, भाजीवाल्याचा काटा आणि घरचा ओटा.

पूजेनंतर लेक रोज संध्याकाळी ओट्याशी यायला लागली. एके दिवशी तिने भात लावायचा हट्ट धरला. आई भाताचं पाणी वाटीने मोजत नाही. तांदूळ धुऊन पातेल्यात सारखे करते, वर बोट टेकवते आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी ओतते. लेकीने हे शंभरदा पाहिलेलं. तिनेही बोट टेकवलं, पेरापर्यंत पाणी घातलं. मी बघत होते आणि गप्प राहिले. भात झाला तो कडक. दाणा दाताखाली कचकचत होता.

"मी आजीसारखंच केलं होतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

आईने तिचं बोट हातात घेतलं आणि आपल्या बोटाला लावलं. पेराशी पेर. लेकीचं पेर आईच्या पेराच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरत होतं. ती बराच वेळ दोन्ही बोटं बघत राहिली. मग तिने माझं बोट मागितलं, मग बाबाचं. चार जणांची चार पेरं, चारही वेगळी. त्या रात्री तो कचकचीत भात आम्ही ताकात कालवून खाल्ला, टाकला नाही. आपण मोजलेलं आपल्यालाच खावं लागतं, हा स्वयंपाकघराचा गुण मला वहीत कुठे सापडला नाही. वहीत उत्तर चुकलं की लाल फुली येते आणि ती का आली हे कुणीतरी दुसऱ्याने सांगावं लागतं. इथे ते दातांनीच सांगितलं.

गावाकडच्या घरी माळ्यावर जुनी लोखंडी मापं आहेत. दिवाळीच्या सुटीत ती खाली काढली. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळी दुपटीची चढण. लेक आणि भाचा दोघांनी अंगणात ज्वारीचं पोतं सोडलं आणि दुपारभर एकातून दुसऱ्यात ओतत बसले. भाचा आठ वर्षांचा, त्याला दोनाचा पाढा येतो, त्याने पायलीत किती चिपटी बसतील ते आधीच सांगितलं: सोळा. लेकीचा विश्वास बसेना. तिने सोळाच्या सोळा ओतून बघितली. सहाव्या वर्षी तसंच असावं. तिथे मामांनी शीग शिकवली. माप भरून वर शंकूसारखा ढीग राहतो ती शीग, आणि हात फिरवून ती पाडली की माप सपाट. पूर्वी घेताना शिगोशीग आणि देताना सपाट असं करणारे सावकार असत, मापात पाप म्हणतात ते त्यालाच. आणि एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीला जुळायची नाही. हे ऐकून लेक एकदम म्हणाली, "आजीच्या बोटासारखं!" देशभर एकच माप असावं म्हणून 1956 चा वजनमापांचा कायदा झाला. त्याचं कारण माझ्या मुलीला कडक भाताने कळलं.

याच सुमारास शाळेतून एक सरावपत्रिका आली. 'दूध कशात मोजतात?' लेकीने लिहिलं, भांड्यात. आमच्याकडे गवळी मापाच्या भांड्याने दूध घालतो, ती रोज दाराशी उभी राहून ते बघते. उत्तराला फुली मिळाली, कारण 'लिटर' अपेक्षित होतं. मी भांडायला गेले नाही, पण मनाला लागलं. लिटर हे बरोबरच आहे, तिने ते शिकायलाच हवं. पण भांड्याकडून लिटरकडे जायचा रस्ता होता, तो रस्ताच चुकीचा ठरवला गेला. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मॉन्टेसरीची विकत मिळणारी साधनं तिथे परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं अशी मुलांच्या हाताशी असलेलीच साधनं केली. ज्या वाटीतून मूल रोज आमटी पितं तिच्यापासून मोजणं सुरू करायला ताराबाईंनी ना म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

घाई मात्र करू नये. ताकावरून दोघा भावंडांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. भाच्याला उंच पेल्यात दिलं, लेकीला वाटीत, दोघांना सारखंच. लेकीने आकांत मांडला, "त्याला जास्त दिलंस!" मी तिच्यादेखत पेल्यातलं ताक दुसऱ्या तशाच वाटीत ओतून दाखवलं. "आता सारखं झालं," असं म्हणून ती शांत झाली. म्हणजे पेल्यात असताना ते जास्तच होतं, हे तिचं मत कायम! जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर असंच पाणी रुंद भांड्यातून उंच भांड्यात ओतून त्यांना प्रश्न विचारले होते, आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं उंच भांड्यात जास्त आहे असंच म्हणतात, असं त्याला दिसलं. ते वय ओलांडलं की मूल आपोआप म्हणतं, ओतल्याने काय फरक पडतोय. तोवर ओतू द्यावं. ओट्यावर सांडेल, फडका हाताशी ठेवावा. विस्तव, सुरी आणि कुकर आपल्या हाती, मोजणं आणि कालवणं त्यांच्या हाती, एवढीच वाटणी मी पाळते. भाच्यालाही तेच. मुलगा म्हणून त्याला बाहेर खेळायला पिटाळत नाही.

मग आला केक. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, आमटी दाट झाली तर पाणी वाढवता येतं. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की गेला. मोबाइलवरच्या कृतीत एक टीस्पून सोडा लिहिला होता. मी फोनवर बोलत होते, आणि लेकीने डब्यातला चमचा घेतला, पोह्यांचा. आणि मामांनी शिकवलेलं मनात ताजं असल्यामुळे शीग लावून घेतला. केक आधी भराभरा फुगला, मग मधोमध खचला. रंग काळपट तपकिरी, चव साबणासारखी. आपल्याकडे चमचा म्हटलं की चहाचा, पोह्यांचा, डब्यातला, सगळेच आले. टीस्पून म्हणजे 5 मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे 15. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं झाकण काढलं आणि आम्ही दोघींनी घरातला एकेक चमचा पाण्याने मोजला. चहाचा एक चमचा बरोबर 5 निघाला. त्याच्या दांड्याला लेकीने लाल दोरा बांधला. तो आता सोड्याच्या डब्यातच राहतो.

कपाचंही तसंच. अमेरिकी कृतीतला कप साधारण 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा. आमची आमटीची वाटी डिजिटल काट्यावर ठेवून पाणी भरलं तर 150 ग्रॅम. तीच वाटी साखरेने भरली तर 126, मैद्याने 79, जाड्या पोह्यांनी 50 च्या आसपास. काट्यावरचे आकडे बघून लेकीने पोह्यांची वाटी उचलली, साखरेची उचलली, डोळे मिटून परत दोन्ही उचलल्या. "सारख्या भरल्यात पण सारख्या नाहीत." तिने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी ते तारखेसह लिहून ठेवलं.

माझ्या लहानपणी नानखटाई घरी भाजत नसत. दिवाळीच्या आधी आठवडाभर गल्लीच्या टोकाच्या बेकरीत मैदा, साखर आणि डालडा घेऊन जायचं. रांग असायची, प्रत्येकाचा पत्र्याचा डबा. किलोभर मैद्याला अर्धा किलो साखर, अर्धा किलो डालडा, आणि ते पोचवायचं काम माझं. भट्टीतून निघालेल्या गरम नानखटाईचा डबा छातीशी धरून घरी यायचा तो वास मी अजून विसरले नाही. यंदा मी तीच घरच्या ओव्हनमध्ये करायची ठरवली, साजूक तुपात. किलो लेकीला आवाक्याबाहेरचा, म्हणून आईने वाटीत सांगितलं: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप, कालवताना मैदा लागेल तसा.

लेक म्हणाली, "कुठल्या वाटीने?"

"कुठल्याही. फक्त सगळं त्याच वाटीने."

हे तिला पटलं नाही. ती आत गेली आणि भातुकलीतली पितळी वाटी घेऊन आली, माझ्या लहानपणची, अंगठ्याएवढ्या तोंडाची. त्या वाटीने दोन मैदा, एक साखर, एक तूप. तळहातावर मावेल एवढा गोळा झाला. त्याच्या तिने बोराएवढ्या सात नानखटाया वळल्या, माझ्या ट्रेच्या कोपऱ्यात ठेवल्या. बाजूला माझ्या मोठ्या वाटीच्या. त्या चिमुकल्या आधी काढाव्या लागल्या, लहान म्हणून लवकर भाजल्या. पण खुसखुशीतपणा तोच, गोडी तीच. तिने एक आपली खाल्ली, एक माझी खाल्ली, परत एक आपली. "एकच आहे!" असं ओरडून ती घरभर पळाली. गुणोत्तर हा शब्द तिला अजून काही वर्षं कुणी सांगणार नाही. आईने आयुष्यभर ग्रॅममध्ये काही मोजलं नाही, तरी तिचे पदार्थ चार माणसांना आणि चाळीस माणसांना सारखेच होतात, त्याचं मर्मही हेच आहे.

एक प्रश्न मात्र लेकीच्या मनात राहून गेला होता. आई खिचडीला तांदूळ मोजताना वाटी घेतच नाही. माणशी एक मूठ, आणि वर एक मूठ जास्तीची, कुणी आलंगेलं तर. किती घालायचं विचारलं की म्हणते, "अंदाजाने."

"आजी, अंदाज म्हणजे किती?"

आईला सांगता येईना. मागच्या रविवारी लेकीने काटा ओट्यावर आणला, त्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि पातेल्याकडे निघालेला आईचा हात मधेच अडवला. "यात टाक." आईने टाकलं. 46. वाटी रिकामी केली, परत. 45. परत. 47. आईला हे आकडे दिसत नव्हते, चष्मा बाहेर राहिला होता. ती आपली सवयीने डब्यात हात घालत होती आणि गप्पा मारत होती. चौथी मूठ, 46.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःचा हात डब्यात घातला. 17. परत घातला, 24. परत, 15. तिने हात परकराला पुसला, बोटं पसरून तळहात बघितला, आजीचा हात ओढून घेऊन त्याला लावून बघितला.

"तुला कधीपासून येतं हे?"

"तुझ्या आईच्या जन्माच्या आधीपासून," आई म्हणाली, आणि फोडणीसाठी मोहरीचा डबा शोधायला लागली. लेकीने वाटी परत शून्यावर आणली. खिचडी शिजून आम्ही पानं घेतली तरी ती तिथेच उभी होती. 19. 18. 21.